आधी कान, मग जीभ

आमच्या केंद्राच्या मागच्या खोलीत संध्याकाळी जर्मन भाषेचा वर्ग भरतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. नर्सिंग पूर्ण केलेल्या आसपासच्या गावांतल्या मुली तिथं येतात. जर्मनीत परिचारिका कमी पडतात. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून तर चौकशीला येणाऱ्या मुली वाढल्याच. पण जायचं तर आधी भाषेची परीक्षा. तिचे चार भाग असतात : वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं. प्रत्येक भागात शंभरात साठ गुण हवेत. एकात कमी पडलं तर दुसऱ्यातले जास्तीचे गुण उपयोगी पडत नाहीत.

आमच्या मुली वाचनात पास होतात. लेखनातही बऱ्या. अडकतात त्या ऐकण्यात. परीक्षेत ध्वनिमुद्रण लावतात, काही भाग दोनदा ऐकवतात, काही एकदाच. परत लावा म्हणायची सोय नाही. एका मुलीच्या घरी फीसाठी म्हैस विकली होती. ती ऐकण्यात नापास होऊन आली आणि म्हणाली, "ताई, कागदावर सगळं कळतं हो. स्पीकर सुरू झाला की नुसता पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं होतं."

आम्ही तिला काय सांगितलं असेल? "अजून ऐक." बस्स. रोज दोन तास ऐक, मोबाइलवर ऐक, भाकरी थापताना ऐक. दुसरं सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, कारण आम्हालाही कुणी दुसरं शिकवलं नव्हतं. नंतर आमचीच आम्हाला लाज वाटली. रेडिओ चालवणाऱ्या बायका आम्ही, आणि ऐकायचं कसं हे सांगता येईना! मग आम्ही शोधायला बसलो की परकी भाषा ऐकायला आजवर कुणी शिकवली आहे का, आणि कशी. आजच्या भागात त्या शोधाची हकिकत.

सुरुवात एका फजितीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ग्वँ नावाचा लॅटिनचा शिक्षक होता. त्याला जर्मनीत जाऊन शिकायचं होतं. तो हाम्बुर्गला पोचला आणि खोली घेऊन अभ्यासाला बसला. दहा दिवसांत त्यानं जर्मन व्याकरणाचं पुस्तक पाठ केलं, वर दोनशे अठ्ठेचाळीस अनियमित क्रियापदं. मग मोठ्या उमेदीनं व्याख्यान ऐकायला गेला. एक शब्द कळला नाही. बरं, व्याकरण पुरेसं नसेल. त्यानं आठशे मूळ धातू पाठ केले. पुन्हा गेला. पुन्हा तेच. न्हाव्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा प्रयत्न केला, तर लोक हसले. झालं, हा गडी परत खोलीत. गटे आणि शिलर हे त्यांचे थोर कवी त्यानं भाषांतर करत वाचले. संवादांचं पुस्तक पाठ केलं. शेवटी शब्दकोशच घेतला आणि महिन्याभरात तीस हजार शब्द घोकले. मग पुन्हा व्याख्यानाला गेला.

एक शब्द कळला नाही.

ही कुणी त्याची केलेली चेष्टा नाही, त्यानं स्वतःच नंतर पुस्तकात सांगितलेली हकिकत आहे. आम्ही ती वर्गात सांगितली तेव्हा मुली आधी खूप हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. त्यांच्या प्रत्येकीच्या पिशवीत पाठ करायच्या शब्दांची वही होती.

ग्वँ असा का वागला, हे समजायला अवघड नाही. तो लॅटिन शिकवत होता. लॅटिन घरात-बाजारात बोलणारं माणूस उरलेलं नव्हतं, त्यामुळे ती ऐकून समजण्याचा प्रश्नच येत नसे. व्याकरण, शब्दांच्या याद्या, भाषांतर, एवढ्यावर भागायचं. युरोपातल्या शाळांनी तोच साचा जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा बोलत्या भाषांना लावला. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. चांगलं इंग्रजी लिहिणारे आजोबा तुमच्याही घरात असतील, पण साहेब प्रत्यक्ष बोलायला लागला की तेही गोंधळायचे.

ग्वँ हरून घरी परतला. त्या वर्षात त्याचा छोटा भाचा बोलायला लागला होता. जेमतेम तीन वर्षांचं पोर. एकदा ते पिठाची गिरणी बघून आलं, थोडा वेळ गप्प बसलं, आणि मग जो भेटेल त्याला सांगत सुटलं : आधी पोत्यात धान्य भरतात, मग पोतं उचलून नेतात, मग ते दळतात. ग्वँनं यावरून ठरवलं की भाषा अशी क्रमानं, एकामागून एक कृतीच्या वाक्यांनी शिकवावी. १८८० मध्ये त्याचं पुस्तक निघालं.

आमचं मत विचाराल तर ग्वँनं अर्धंच पाहिलं. पोर गिरणी बघून बोललं खरं, पण त्याआधी दोन-अडीच वर्षं ते नुसतं ऐकत होतं. त्याला कुणी "म्हण बघू, म्हण बघू" म्हणून छळलं नसेल असं नाही, पण बहुतेक वेळ ते आईच्या कडेवर बसून ऐकत होतं. ही अडीच वर्षं ग्वँच्या हिशेबात आलीच नाहीत. पुढच्या बहुतेक शिक्षकांच्या हिशेबातही आली नाहीत.

त्याच सुमारास इतरांनाही जुनी रीत सलायला लागली होती. १८७८ मध्ये अमेरिकेत बर्लिट्झ नावाच्या शिक्षकानं शाळा काढली. एक फ्रेंच मदतनीस नेमला, तर त्याला इंग्रजीचा गंध नाही! त्यात बर्लिट्झ आजारी पडला. दीड महिन्यानं परत येऊन बघतो तर मुलं फ्रेंचमध्ये गप्पा मारतायत, असं सांगतात. १८८२ मध्ये जर्मनीत फीटर नावाच्या अभ्यासकानं टोपणनावानं पुस्तिका काढून भाषा-शिक्षणानं आता मागे वळलं पाहिजे अशी हाक दिली. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी आणि त्याच्या सोबतच्या शिक्षकांनी उच्चारशास्त्राची संघटना काढली. बोललेली भाषा आधी, लिहिलेली नंतर, हे त्यांनी लावून धरलं. पण त्यांचंही लक्ष जिभेवर होतं. उच्चार शुद्ध झाला की कान आपोआप तयार होईल, हा समज.

मग यंत्रं आली. एडिसननं १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. १९०१ मध्ये लंडनला जॅक रोस्टन यानं लिंग्वाफोन ही संस्था काढून मेणाच्या नळकांड्यांवर भाषेचे धडे विकायला सुरुवात केली. एका नळकांडीवर जेमतेम दोनेक मिनिटांचं बोलणं मावायचं. तरी विचार करा, खेड्यात बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच फ्रेंच माणसाचा आवाज ऐकायला मिळत होता! पुढं दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, बीबीसीनं रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. आम्ही रेडिओवाल्या असल्यानं या दोन गोष्टी वाचून आमची मान उगाचच ताठ झाली होती. ती पुढं खाली येणार आहे, थांबा.

या सगळ्या गर्दीत एक माणूस वेगळं बोलत होता. हॅरल्ड पामर, इंग्रज. १९२१ च्या त्याच्या पुस्तकात तो सांगतो की नवी भाषा कानावर पडल्यावर मुरायला वेळ लागतो. लोणचं घातल्या दिवशी कुणी वाढत नाही, तसंच हे. (लोणचं आमचं, मुद्दा त्याचा.) १९२२ मध्ये तो जपानला गेला. तिथल्या शाळांतली मुलं इंग्रजी वाचायची, पण ऐकून त्यांना समजत नसे. त्यानं मुलगी दोरोते हिच्याबरोबर एक पुस्तक केलं, टोकियोत १९२५ मध्ये निघालेलं. त्यात शिक्षक सांगतो, उठा, दाराकडे जा, पुस्तक उचला. आणि विद्यार्थी ते करतो. तोंडानं काही म्हणायची सक्ती नाही. केलं म्हणजे कळलं.

पण जगानं पामरचं फारसं ऐकलं नाही. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला वाटलं आपण मागे पडलो. १९५८ मध्ये तिथं कायदा झाला, गणित-विज्ञानाबरोबर परकीय भाषांसाठीही भरपूर पैसा आला. त्या पैशातून शाळाशाळांत भाषा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या : लाकडी खण, प्रत्येक खणात टेप रेकॉर्डर आणि कानाला हेडफोन. एवढी सोय कानाची आजवर कुणी केली नव्हती. आणि करायचं काय? टेपवरचा माणूस वाक्य म्हणणार, मुलानं ते जसंच्या तसं म्हणायचं. परत वाक्य, परत म्हणायचं. कानाला लावलेलं यंत्र, पण काम सगळं जिभेचं. एक पिढी हेडफोन लावून पोपटपंची करत बसली, असं आम्हाला वाटतं. कुणाला हे कडक वाटेल.

साठच्या दशकापासून मात्र काही जणांनी उलटं करून पाहिलं. कॅलिफोर्नियात जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं पामरसारखंच 'ऐका आणि करा' हे पुन्हा सुरू केलं. तिथल्याच मॉन्टेरे इथल्या लष्कराच्या भाषाशाळेत पोस्टॉव्स्की यानं रशियन शिकणाऱ्या एका गटाला सुरुवातीचे काही आठवडे बोलूच दिलं नाही. त्यांनी ऐकायचं आणि उत्तर लिहायचं. १९७४ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले. गप्प राहिलेली मुलं मागे पडली नव्हती, उलट पुढं होती. आमच्या वर्गात एक लाजरी मुलगी होती. पहिल्या दिवसापासून तिला उभं करून बोलायला लावणाऱ्या आम्हीच. ती तिसऱ्या आठवड्यात यायची बंद झाली. हे वाचलं तेव्हा पहिली तीच आठवली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पत्र्यावरचा पाऊस का ऐकू येतो?

कागदावर दोन शब्दांमध्ये जागा असते. बोलण्यात ती नसते. आपण मराठीत बोलतो तेव्हा आपल्याला शब्द सुटे ऐकू येतात, पण ते सुटे आपलं डोकं करतं, तोंड नाही. "काय करतो आहेस" असं पुस्तकात असतं. आपण म्हणतो "कैकर्तोयस". यावर ॲन कटलर या बाईंनी हयात घालवली. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेत त्यांनी वीस वर्षं संचालक म्हणून काम केलं. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा ओघ तोडायची प्रत्येक भाषेची रीत वेगळी आहे. इंग्रजी ऐकणारा जोर आलेल्या अक्षराला शब्दाची सुरुवात समजतो. फ्रेंच ऐकणारा एकेक अक्षर मोजत जातो. जपानी माणसाचं माप आणखी वेगळं. आणि परकी भाषा ऐकतानाही आपण आपल्याच भाषेची कात्री चालवतो. म्हणून कापड भलतीकडेच फाटतं. मुलीचा शब्दसंग्रह कमी नव्हता. कात्री वेगळी होती.

दुसरी गोष्ट ध्वनींची. कॅनडातल्या जॅनेट वेर्कर यांनी सहकारी टीस यांच्याबरोबर १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आपल्या अगदी जवळचा आहे. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची झाली, आणि बहुतेकांना तो कळेनासा झाला. घरात जो फरक कामाचा नाही तो कान वर्षाच्या आत सोडून देतो.

म्हणून मराठी शिकायला आलेल्या परदेशी माणसाला ताट आणि टाट सारखंच वाटतं. आपण त्याला मठ्ठ म्हणतो. त्यातून तो पुस्तकी मराठी शिकून आलेला असेल तर बघायलाच नको. विल्यम कॅरीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, ते बंगालमध्ये बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. एका विद्वानाच्या तोंडची मराठी आणि बाजारातली मराठी यांत केवढा फरक! उलट मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या आणि फलटणच्या बोलीवरच त्यांनी प्रबंध लिहिला. जाई निंबकर, म्हणजे इरावती कर्वे यांची लेक, यांच्याबरोबर त्यांनी १९७० च्या दशकात परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं केली. गावातले वेगवेगळे लोक कसे बोलतात हे कान देऊन ऐकलेल्या बाईनं केलेली ती पुस्तकं आहेत.

वेगवेगळे लोक, हे महत्त्वाचं आहे. जपानी माणसाला इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत. अमेरिकेत पिसोनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ च्या सुमारास जपानी विद्यार्थ्यांना हा फरक शिकवला. एकाच आवाजावर शिकलेल्यांना तो आवाज कळायचा, नवा माणूस बोलला की घोटाळा. पाच-सहा जणांच्या आवाजावर शिकलेल्यांना नवा माणूसही कळू लागला. आमच्या वर्गात वर्षभर एकच सीडी वाजत होती, एकाच बाईच्या आवाजाची. गोड आवाज होता, काय सांगावं!

आणि आता आमची मान खाली घालणारी गोष्ट. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, बारा बैठका. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. माणसांबरोबर खेळलेल्या बाळांचा कान चिनी ध्वनींना तयार झाला. पडद्यावरच्या आणि नुसत्या आवाजाच्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. ही बाळांची गोष्ट आहे, मोठ्यांचं तंतोतंत तसंच असेल असं नाही. पण 'रेडिओ लावून ठेव, आपोआप येईल' हे आम्ही त्या दिवसापासून म्हणायचं सोडलं.

२००८ मध्ये जॉन फील्ड या इंग्रज अभ्यासकाचं पुस्तक आलं. त्याचा आरोप साधा आहे : वर्गात टेप लावायची, प्रश्न विचारायचे आणि बरोबर-चूक सांगायचं, याला आपण ऐकणं शिकवणं म्हणतो, ही तर नुसती परीक्षा झाली. ताप मोजला म्हणजे औषध दिलं असं होत नाही, हे आमच्या नर्स मुलींना वेगळं सांगावं लागलं नाही.

मग आता आम्ही काय करतो? एक वाक्य घेतो, एकच. ते तीन-चारदा लावतो. मुलींनी अर्थाकडे न बघता जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहायचं, कसंही. "हाबेन झी श्मेर्त्सन?" म्हणजे "तुम्हाला दुखतंय का?" हे पुस्तकात सगळ्यांना पाठ. ऐकल्यावर निम्म्या वह्यांत निघालं "हाम्झी श्मेर्त्सन". 'हाम्झी' नावाचा शब्द शोधत त्या पुढची तीन वाक्यं घालवून बसायच्या. आता आम्ही दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी लिहितो, आणि मुली स्वतः 'हाम्झी' म्हणून बघतात. कुठं काय गळलं ते त्यांना जिभेवरच सापडतं. तेवढ्यापुरती जीभ कामाची. आकडे मात्र आमच्या मुलींना इंग्रजी शाळेतल्या मुलींपेक्षा लवकर कळतात, कारण जर्मनमध्येही आधी पाच आणि मग वीस, आपल्या पंचवीससारखं.

सीडी बंद केली. तिकडं गेलेल्या एका मुलीला सांगितलं, तुझ्या ओळखीच्या लोकांना विचारून, त्यांच्या परवानगीनं आवाज पाठव. आता शेजारच्या आजी, त्यांचा नातू, बेकरीतली बाई असे आवाज मोबाइलवर येतात. आजी 'इस्ट' न म्हणता 'इश' म्हणतात, 'निश्ट' न म्हणता 'नेट'. हे त्या भागातलं बोलणं. परीक्षेत येणार नाही, पण वॉर्डात पहिल्या दिवशी येणार. आणि म्हातारं माणूस दुखत असताना पुस्तकी भाषेत बोलत नाही, ते कुठल्याही देशातलं असो.

म्हशीवाल्या मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात पुण्यात आहे, दुसऱ्यांदा. परवा तिनं त्या आजींचा एक मिनिटाचा आवाज ऐकून पाटीभर लिहिलं. आजी बटाट्याच्या सॅलडबद्दल सांगत होत्या. तिनं तेल, व्हिनेगर, कांदा बरोबर पकडलं, आणि एका शब्दाशी अडली. आम्हालाही तो कळला नाही. मग तिकडं फोन लावला, आजींनी हसत हसत तो शब्द पुन्हा सांगितला, सावकाश, दोनदा.